जुनी डिझेल फोर बाय फोर धूर टाकते आणि ओढत नाही: दोष शोधायचा कसा

गाडी चढावर ओढत नाही आणि मागे धुराचा लोट निघतो, अशी तक्रार आली की बहुतेकांचा हात सरळ डिझेलच्या पंपाकडे जातो, म्हणजे नोझलपर्यंत दाबाने डिझेल पाठवणाऱ्या भागाकडे. पंप उतरवायचा, कॅलिब्रेशनला द्यायचा, परत बसवायचा, आणि गाडी जशीच्या तशी. मग नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड. मग टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा. एवढं झाल्यावर कुणीतरी खाली वाकून बघतो, तर इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजला खालच्या बाजूने बोटभर चीर गेलेली असते.

म्हणून इथे क्रम महत्त्वाचा. जे हाताने, डोळ्याने आणि साध्या पान्याने तपासता येतं ते आधी, आणि ज्यासाठी इंजिन उघडावं लागतं ते सगळ्यात शेवटी. हा लेख मुख्यतः मेकॅनिकल पंपाच्या जुन्या इंजिनांबद्दल आहे: रोटरी पंप (एकाच भागातून सगळ्या सिलिंडरना आळीपाळीने डिझेल देणारा) किंवा इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळा दट्ट्या असणारा), टर्बो असो वा नसो. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळणाऱ्या) गाड्यांचं वेगळं प्रकरण शेवटी थोडक्यात दिलं आहे. त्यांच्या डिझेल लाईनला हात लावण्यापूर्वी तो भाग वाचाच.

आधी एक गोष्ट पक्की करा: धूर आहे का?

जुन्या डिझेल इंजिनात पायाखालचं पेडल हवेचं प्रमाण ठरवत नाही. हवा मावेल तेवढी आत येते, पेडल फक्त डिझेल कमी-जास्त करतं. त्यामुळे दम गेलेल्या गाडीबद्दल पहिला प्रश्न असा: पूर्ण पेडल दाबल्यावर मागे धूर येतो की नाही?

गाडी ओढत नाही आणि धूरही नाही, तर सिलिंडरमध्ये डिझेलच पुरेसं पोहोचत नाही. टाकीपासून पंपापर्यंत शोधा. गाडी ओढत नाही आणि काळा धूर येतो, तर डिझेल भरपूर पोहोचतं आहे, पण त्याला पुरेशी हवा मिळत नाही किंवा ते नीट फवारलं जात नाही. या एका प्रश्नाने निम्मं काम कमी होतं. बिनधुराच्या गाडीचा टर्बो उतरवणारे आणि काळ्या धुराच्या गाडीची टाकी उतरवणारे, दोघेही उलट टोकाला खणत असतात. अपवाद आहेत, ते पुढे येतील.

मग धूर नेमका कधी येतो ते टिपा. माझ्या मते रंगापेक्षा वेळ जास्त बोलते. सकाळी पहिल्या सेल्फला? गरम झाल्यावरही? आयडलिंगला, की रेस दिल्यावर? चढावर टॉप गिअरला, की उतारावर पाय सोडून परत पेडल दाबल्यावर? दोष अचानक आला की हळूहळू वाढत गेला? अगदी आधी काय काम झालं होतं? टायमिंग बेल्ट, फिल्टर, टाकीची सफाई, पाण्यातून गाडी काढणं, यातलं काही झालं असेल तर तपास तिथूनच सुरू करा.

धूर बघायला दुसरा माणूस हवा. चालकाला आरशात काळा आणि निळा यातला फरक धड कळत नाही, आणि संध्याकाळच्या उन्हात तर सगळाच धूर निळसर दिसतो. मागच्या माणसाला फिकट भिंतीसमोर किंवा मोकळ्या आकाशासमोर धूर दिसेल असं उभं करा आणि वास घ्यायला सांगा, पण सायलेन्सरच्या तोंडाशी नाक नेऊन नाही.

इंजिनाचाच दोष आहे ना?

फोर बाय फोरमध्ये इंजिन निर्दोष असूनही गाडी जड वाटायला बरीच कारणं असतात. सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून बघा. ती पटकन थांबत असेल तर थोडं चालवून चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा बरंच गरम लागलं तर ब्रेक धरतोय. हात लगेच टेकवू नका, भाजतं.

कोरड्या डांबरावर पार्ट टाइम फोर व्हील ड्राइव्ह लागलेलाच राहिला असेल तर पुढचे-मागचे प्रोपेलर शाफ्ट एकमेकांविरुद्ध पिळतात आणि वळणावर गाडी अडखळते. लिव्हर टू व्हीलवर असला तरी ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) खरोखर सुटला आहे का, हे पुढचा शाफ्ट बघून खात्री करा. क्लच सरकत असेल तर आवाज वाढतो, आरपीएम वाढतात, वेग वाढत नाही. आणि टायर मोठे बसवले असतील तर गिअरिंग तेवढंच उंच होतं: २९ इंचाच्या जागी ३२ इंचाचे टायर म्हणजे सुमारे १० टक्के. बिनटर्बोच्या इंजिनाला हे चढावर चांगलंच जाणवतं.

उंचीचाही हिशेब करा. समुद्रसपाटीच्या तुलनेत २००० मीटरवर हवा सुमारे १८ टक्के विरळ असते, ३००० मीटरवर सुमारे २६ टक्के. मेकॅनिकल पंपाला उंचीची भरपाई करणारी व्यवस्था नसेल, तर तो डिझेल तेवढंच देत राहतो. डोंगरात बिनटर्बो गाडीने काळा धूर टाकणं आणि दम सोडणं हा दोष नाही. खाली आल्यावरही तसंच राहिलं तर दोष आहे.

शेवटी पेडल. एकाला आत बसवून पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि बॉनेटखाली पंपाचा लिव्हर बघा. तो फुल स्टॉपच्या स्क्रूला टेकला पाहिजे. केबल ताणली गेलेली असते, पेडलखाली जाड मॅट आलेली असते, आणि लिव्हर पाऊणच फिरतो. दोन मिनिटांची ही तपासणी कुणी करत नाही, हे मला कायम नवल वाटतं.

दम नाही, धूरही नाही: डिझेल लाईन

डिझेल फिल्टरपासून सुरुवात करा, पण नुसता बदलून मोकळे होऊ नका. जुना फिल्टर कापून आतला कागद बघा. त्यावर काळपट, बुळबुळीत थर असेल तर टाकीत पाणी साचून जंतूंची वाढ झाली आहे. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत हे हमखास होतं. अशा वेळी नवा फिल्टरही थोड्याच दिवसांत तुंबेल, टाकी साफ करावी लागेल. वॉटर सेपरेटरच्या खालचा स्क्रू सोडून काचेच्या बरणीत थोडं डिझेल घ्या आणि स्थिर ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं.

गाडी थोडा वेळ छान चालते, मग हळूहळू मरगळते, आणि बंद करून थोडं थांबल्यावर पुन्हा ठीक होते, असं असेल तर टाकीच्या झाकणाचा श्वास बंद झालेला असू शकतो. झाकण सैल करताना हवा आत ओढल्याचा सुस्कारा आला की समजा. तसंच लक्षण टाकीतल्या सक्शन पाईपच्या जाळीला कचरा चिकटल्यावरही दिसतं: इंजिन बंद पडलं की ओढ थांबते, कचरा खाली बसतो, आणि गाडी परत चालू.

लाईनमध्ये हवा शिरणं हा सगळ्यात चकवणारा दोष. कारण समजून घ्या. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढीखाली असतो. रोटरी पंपाच्या बऱ्याच गाड्यांत वेगळा फीड पंप नसतो, इंजेक्शन पंप स्वतःच टाकीतून डिझेल ओढतो, म्हणजे पूर्ण लाईनच ओढीखाली. अशा लाईनला भोक पडलं तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. सगळं कोरडं दिसतं आणि माणूस फसतो. सकाळी खूप सेल्फ मारावा लागणं, सुरू होऊन लगेच बंद पडणं, आरपीएम वरखाली होणं ही त्याची लक्षणं.

तपासायला पंपाच्या इनलेटला आणि रिटर्नला वीतभर पारदर्शक पाईप लावा. तो डिझेल सहन करणारा हवा, साधा प्लास्टिकचा पाईप कडक होऊन निसटतो. इंजिन सुरू करून टॉर्चच्या उजेडात बघा. सुरुवातीचे एकदोन बुडबुडे पाईप जोडताना शिरलेले असतात, ते निघून जाऊ द्या. त्यानंतरही सोडा वॉटरसारखे बारीक बुडबुडे एकामागून एक येत राहिले तर हवा शिरते आहे. मग टाकीच्या बाजूने एकेक जोड तपासत या: रबरी होजचे क्लॅम्प, फिल्टर हेडचं सील, हँड प्रायमरचा डायफ्राम, चासीवर गंजलेला लोखंडी पाईप आणि बँजो बोल्टचे (ज्यातून डिझेल जातं त्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर. पाईप धरून ठेवणाऱ्या क्लिपच्या आतली बाजू विसरू नका, गंज तिथेच लपतो.

जुन्या रबर सीलना डिझेलच्या बदललेल्या रचनेचाही त्रास झालेला आहे. सल्फर कमी करण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले अरोमॅटिक घटकही घटतात. आधीच्या डिझेलमध्ये फुगून बसलेली नायट्राइल रबरची सील त्यामुळे आकसतात आणि गळू लागतात. पंप कधीही न उघडलेल्या गाडीचा पंप बाहेरून ओला दिसू लागला, तर हे एक कारण लक्षात ठेवा.

कुठे शोधायचं ते कळत नसेल तर डब्याची चाचणी करा. स्वच्छ डिझेलचा छोटा डबा इंजिनाजवळ, गरम भागांपासून दूर, घट्ट बांधा. पंपाचा इनलेट आणि रिटर्न दोन्ही त्या डब्यात सोडा आणि मोकळ्या जागेत गाडी थोडी चालवा. दम परत आला तर पंप निर्दोष, दोष मागच्या लाईनमध्ये. पंप उतरवण्याआधी ही चाचणी झालीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

टर्बो गाडीत आणखी एक जागा. बऱ्याच पंपांवर डोक्याला एक गोल डबी असते. टर्बोचा दाब बारीक नळीने तिच्यात येतो, आतला डायफ्राम दबतो आणि पंप जास्त डिझेल सोडतो. ती नळी निसटली, चिरली किंवा डायफ्राम फाटला तर टर्बो पूर्ण दाब देत असूनही पंपाला ते कळत नाही. गाडी बिनधुराची, शांत आणि मरतुकडी होते. इंजिन बंद असताना नळीत तोंडाने हलकी फुंकर मारून दाब टिकतो का बघा.

काळा धूर: हवा कुठे अडली?

एअर फिल्टर काढा आणि आतून टॉर्च लावून बघा. गाडी पाण्यातून गेली असेल तर फिल्टरच्या पेटीच्या तळाशी चिखल वाळलेला असतो, आणि कागदात धूळ-पाणी मिळून झालेला थर हवा सोडत नाही. स्नॉर्कल (हवा छताच्या उंचीवरून घेणारा पाईप) असेल तर त्याच्या तोंडाची जाळी आणि प्री-क्लीनर उघडा. पानं, किडे, एखाद्या कीटकाचं मातीचं घरटं, काहीही निघतं. फिल्टरपुढचा रबरी पाईप आतून पापुद्रा सुटून ओढीने चिकटतो का तेही बघा. बाहेरून तो धडधाकट दिसतो, म्हणून आत बोट घालून चाचपा.

टर्बो असेल तर पुढची जागा टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतचे होज. चीर बहुधा खालच्या बाजूला किंवा क्लॅम्पच्या कडेला असते, आणि इंजिन थंड असताना ती मिटलेली असते. होज काढून हाताने वाकवा, तेव्हा ती उघडते. आजूबाजूला तेलकट काजळीचा फवारा दिसला तर जागा सापडलीच. चढावर रेस दिल्यावर ‘फुस्स’ असा आवाज आणि त्याच क्षणी काळा धूर ही या दोषाची सही.

टर्बोचा दाब मोजायचा असेल तर पंपाच्या डबीकडे जाणाऱ्या नळीत टी जोडून गेज लावा आणि ते काचेपर्यंत आणा. पूर्ण पेडलला, चढावर, तिसऱ्या गिअरला वाचन घ्या. जुन्या इंजिनांत कमाल दाब साधारण ०.५ ते ०.८ बारच्या आसपास असतो, नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या. उभ्या गाडीला रेस देऊन काही कळत नाही, कारण लोडशिवाय टर्बो दाब धरत नाही.

दाब कमी असेल आणि होज चांगले असतील तर टर्बोचा इनलेट पाईप काढा. इंजिन बंद आणि थंड हवं. चाक बोटाने फिरवा. ते अडखळता कामा नये. शाफ्ट बाजूला हलवल्यावर किंचित हलणं चालतं, कारण चालू असताना तिथे तेलाचा थर असतो. पण पाती घराला घासता कामा नयेत, आणि शाफ्ट पुढे-मागे जाणवण्याइतका हलला तर टर्बो गेला. वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) उघडा अडकला आहे का आणि त्याचा रॉड मोकळा हलतो का, तेही तपासा.

ईजीआर (थोडा जळका वायू परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) असलेल्या गाडीत त्याचा व्हॉल्व काजळीने उघडा अडकतो आणि इंजिनाला ताज्या हवेऐवजी जळका वायू मिळतो. व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद करा आणि गाडी चालवून बघा. फरक पडला तर व्हॉल्वला मिळणारा व्हॅक्यूम चुकीच्या वेळी येतोय. काहीच फरक नाही, तर व्हॉल्व काढून डोळ्यांनी बघा, कारण यांत्रिकरीत्या अडकलेला व्हॉल्व नळी काढल्याने बंद होत नाही. इनलेट मॅनिफोल्डमध्ये काजळी आणि तेलाचा जाड थर साचून वाट निम्मी झाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

बाहेर जाणारी वाटही तपासा. दुहेरी भिंतीच्या सायलेन्सर पाईपचा आतला थर कोसळू शकतो आणि बाहेरून काही दिसत नाही. दगडावर आपटून चपटा झालेला पाईप मात्र खाली वाकलं की दिसतो.

एवढं सगळं ठीक असेल तरच नोझलकडे वळा.

एकेक सिलिंडर वेगळा काढणं

ही चाचणी फक्त मेकॅनिकल पंपाच्या इंजिनावर. चष्मा आणि हातमोजे घाला. नोझलमधून सुटणारी धार कातडी भेदून आत जाते, म्हणून उघड्या नोझलसमोर हात कधीही धरू नका. जुन्या प्री-चेंबर (डिझेल आधी छोट्या कप्प्यात फवारणाऱ्या) इंजिनांत नोझल साधारण ११५ ते १५० बारला उघडतं, डायरेक्ट इंजेक्शनमध्ये (डिझेल थेट सिलिंडरमध्ये) २०० बारच्या आसपास किंवा त्याहून वर. अशी इजा वरून टोचल्यासारखी दिसते, पण ताबडतोब रुग्णालयात जावं लागतं.

इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवा. पहिल्या नोझलवरच्या पाईपचा नट जाड फडक्याने झाकून अर्धा फेरा सैल करा. डिझेल नटापाशीच बाहेर येतं आणि त्या सिलिंडरचं काम थांबतं. इंजिन थरथरलं आणि आरपीएम पडले तर तो सिलिंडर काम करत होता. नट परत आवळा, पुढच्याकडे जा. एखादा नट सैल करून काहीच बदललं नाही तर दोषी तोच.

याच वेळी मागच्या माणसाला धुरावर नजर ठेवायला सांगा. एखादा नट सैल केल्यावर ठोकण्याचा आवाज आणि धूर दोन्ही थांबले, तर तो धूर त्याच सिलिंडरचा. मग तिथलं नोझल दुसऱ्या सिलिंडरला बसवा. दोष नोझलबरोबर हलला तर नोझल. दोष जागेवरच राहिला तर कॉम्प्रेशन, व्हॉल्व किंवा पंपाचा तो आउटलेट. नोझल काढलं की तांब्याचे आणि उष्णतारोधक वॉशर नवेच टाकायचे. जुन्या वॉशरवरून वायू निसटला तर ‘छुक्‌ छुक्‌’ आवाज येतो आणि नोझलच्या मुळाशी काळी वर्तुळं उमटतात.

पांढरा धूर: डिझेल की पाणी?

डोळे चुरचुरले आणि कच्च्या डिझेलचा वास आला तर ते न जळलेलं डिझेल. वास गोडसर असेल आणि धूर वाफेसारखा विरत असेल तर कूलंट. थंडीतल्या सकाळी काही मिनिटं दिसणारी साधी वाफ मोजू नका.

न जळलेलं डिझेल फक्त थंड इंजिनात येत असेल तर आधी ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू होण्याआधी आतली जागा तापवणारे विजेचे प्लग. त्यांची जोडपट्टी काढा, बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून एक टेस्ट लॅम्प घ्या आणि प्रत्येक प्लगच्या टोकाला लावा. दिवा लागला तर प्लगची तार शाबूत. मीटरने मोजाल तर चांगला प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो. थेट १२ व्होल्ट देऊन प्लग लाल होतो का बघण्याचा मोह आवरा, काही जुन्या गाड्यांचे प्लग ६ व्होल्टचे असतात आणि क्षणात जळतात. प्लग ठीक असतील तर त्यांच्यापर्यंत वीज येते का ते बघा, रिले बऱ्याचदा मेलेला असतो.

इंजिन गरम झाल्यावरही असा धूर आणि सोबत दम कमी, तर टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) मागे पडलेलं असू शकतं. बेल्ट एक दात सरकला, पंपाचे बोल्ट सैल होऊन पंप फिरला, किंवा पंपाच्या आतला, टायमिंग पुढे ढकलणारा ॲडव्हान्स पिस्टन अडकला. इथेच आधी म्हटलेला अपवाद येतो: रोटरी पंपात टायमिंग पुढे ढकलण्याचं काम आतल्या डिझेलचा दाब करतो. लाईन तुंबली किंवा हवा शिरली की तो दाब पडतो, टायमिंग मागे जातं आणि डिझेल लाईनच्या दोषाने पांढरा धूर निघतो. म्हणून टायमिंगला हात लावण्याआधी डब्याची चाचणी.

कूलंटचा संशय असेल तर पूर्ण थंड इंजिनाचं रेडिएटर झाकण काढून इंजिन सुरू करा. पाणी गरम होण्याआधीच सतत बुडबुडे येत असतील, किंवा झाकण लावल्यावर वरचा होज एकदोन मिनिटांत दगडासारखा कडक होत असेल, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय. वायू ओळखणाऱ्या रंगीत द्रावाची चाचणी याची खात्री करते. हेड गॅस्केट किंवा हेडची चीर, दोन्हींत हेड उतरवावंच लागतं. गरम रेडिएटर कधीही उघडू नका.

आणि गाडी पाण्यात घालून बंद पडली असेल, नंतर कशीबशी सुरू झाली असेल, तर हे ध्यानात ठेवा: सिलिंडरमध्ये पाणी शिरलं की कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा) वाकू शकतो. वाकलेला रॉड आखूड होतो, पिस्टन पूर्ण वर पोहोचत नाही, त्या एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कायमचं उतरतं. थंड इंजिनात पांढरा धूर, थरथर, आणि नोझल बदलूनही काही नाही. अशा रॉडवर गाडी हाकणं म्हणजे ब्लॉक फोडून घेणं.

निळा धूर

निळा म्हणजे इंजिन ऑइल. आधी डिपस्टिक बघा. पातळी कमालीच्या वर असेल तर जास्तीचं ऑइल काढा. पातळी आपोआप वाढत असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर फीड पंपाचा डायफ्राम किंवा इंजेक्शन पंपाच्या शाफ्टचं सील गेलंय. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला धरत नाही, त्यामुळे ते आणि फिल्टर बदलल्याशिवाय गाडी चालवू नका.

रात्रभर उभी राहून सुरू केल्यावर किंवा लांब उतारानंतर पेडल दाबल्यावर निळा भपका आला तर व्हॉल्वची सील. लोडवर सतत निळा येत असेल तर रिंग आणि बोअर. ऑइल भरण्याचं झाकण आयडलिंगला सैल करून ठेवा. ते वायूच्या जोराने नाचू लागलं तर ब्लो-बाय (रिंगवरून खाली निसटणारा वायू) जास्त आहे. पण लगेच इंजिन उतरवू नका. क्रँककेसचा ब्रीदर किंवा टर्बोचा ऑइल रिटर्न पाईप तुंबला तरी दाब वाढून टर्बोच्या सीलमधून ऑइल जातं. इंटरकूलरचा पाईप काढल्यावर आत ऑइलची ओल सापडणं ठीक, तळं सापडणं ठीक नाही.

टर्बोचं ऑइल मोठ्या प्रमाणात इनलेटमध्ये गेलं तर इंजिन त्यावरच धावू लागतं आणि किल्ली फिरवून बंद होत नाही. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरला क्लच सोडा, म्हणजे इंजिन गुदमरून थांबेल. गाडी ऑटोमॅटिक असेल तर इनलेटचं किंवा स्नॉर्कलचं तोंड फळीने बंद करा. हाताने नाही. इंजिन सुसाट असेल तर त्याच्या बाजूला उभे राहू नका.

कॉम्प्रेशन, टॅपेट आणि मग पंप

इथवर दोष सापडला नसेल तर टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) तपासा. एक्झॉस्ट व्हॉल्व आवळला गेला असेल तर गरम झाल्यावर तो पूर्ण बसत नाही. त्यानंतर कॉम्प्रेशन. पेट्रोलचं गेज चालत नाही, डिझेलसाठीचंच हवं. सगळे ग्लो प्लग किंवा सगळे नोझल काढा, पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल बंद करणाऱ्या विद्युत झडपेची) वायर काढा, बॅटरी पूर्ण भरलेली ठेवा. चांगलं इंजिन साधारण २८ ते ३४ बार दाखवतं, २० बारच्या आसपास आलं की सकाळी सुरू होणं अवघड. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिलिंडरमधला आपसातला फरक: सगळे २५ असतील तर गाडी बरी चालेल, तीन ३० आणि एक २१ असेल तर नाही.

पेट्रोल इंजिनात सिलिंडरमध्ये ऑइल टाकून दुसरं वाचन घेतात. डिझेलमध्ये वरची जागा इतकी कमी असते की थोड्या ऑइलनेही आकडा फसवा चढतो, आणि जास्त पडलं तर रॉड वाकण्याचा धोका. त्यापेक्षा लीक-डाउन चाचणी घ्या. सिलिंडरमध्ये दाबाने हवा सोडा आणि ऐका: सायलेन्सरमधून सूं आवाज तर एक्झॉस्ट व्हॉल्व, इनलेटमधून तर इनलेट व्हॉल्व, ऑइलच्या झाकणातून तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे तर गॅस्केट.

हे सगळं नीट आलं तरच पंप. टायमिंग डायल गेज लावून मॅन्युअलच्या आकड्याशी जुळवा. ‘फुल लोड’चा स्क्रू मात्र दोष शोधण्यासाठी फिरवायचा नसतो. तो फिरवला की डिझेल वाढतं, दम थोडा परत येतो, आणि मूळ दोष त्याखाली झाकला जातो. हवा कमी आणि डिझेल जास्त झालं की एक्झॉस्टचं तापमान चढतं. टर्बोच्या आधी ते ७०० अंश सेल्सिअसच्या वर सतत राहिलं तर पिस्टनला धोका आहे. आधी कुणीतरी तो फिरवलेला आहे का, हे त्याच्या सीलवरून आणि नटावरच्या पान्याच्या खुणांवरून कळतं.

कॉमन रेल असेल तर

इथे लाईनमध्ये १३५० बार किंवा त्याहून जास्त दाब असतो. चालू इंजिनाचा नट सैल करायचा नाही, गळती हाताने शोधायची नाही. वरचं हवा, टर्बो होज, ईजीआर, फिल्टर आणि कॉम्प्रेशनचं सगळं तसंच लागू होतं. त्यात स्कॅनर जोडा: कोड वाचा, मग रेलचा मागितलेला दाब आणि मिळालेला दाब, तसंच हवेच्या सेन्सरचा आकडा चढावर चालवताना बघा. अचानक दम जाऊन किल्ली बंद-चालू केल्यावर परत येत असेल तर गाडी लिम्प मोडला (इंजिन वाचवण्यासाठी मुद्दाम ताकद कमी करण्याच्या अवस्थेला) जाते आहे, आणि त्यामागे बऱ्याचदा टर्बोच्या ॲक्च्युएटरकडे जाणारी चिरलेली व्हॅक्यूम नळी असते. इंजेक्टरची झीज रिटर्नच्या बाटल्यांनी मोजतात: प्रत्येकाला एक बाटली, ठरावीक वेळ आयडलिंग, आणि ज्या बाटलीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त डिझेल जमेल तो इंजेक्टर संशयित.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर त्याच चढावर, त्याच गिअरला, तेवढ्याच वजनाने गाडी चालवून बघा. काळा धूर बरेच दिवस येत असेल तर दोष काढल्यावरही सायलेन्सरमधली जुनी काजळी सुरुवातीला भपकाभर बाहेर पडते. लांब चढावर गाडी चांगली तापवून आणल्याशिवाय दुरुस्ती फसली असं ठरवू नका. निळ्या धुराचंही तसंच: टर्बो बदलला तरी इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑइल धुऊन काढलं नसेल, तर नवा टर्बो नाहक बदनाम होतो.